पाणी टेलपर्यंत का पोचत नाही? आरोग्यसेवेतली दरी, सोप्या शब्दांत

दर पावसाळ्यात एक फोटो येतो. कधी पालघरचा, कधी नंदुरबारचा, कधी गडचिरोलीचा. बांबूला चादरीची झोळी बांधलेली, झोळीत पोटुशी बाई, बांबूच्या दोन्ही टोकांना खांदा दिलेली माणसं आणि खाली गुडघाभर पाणी. दोन दिवस सगळे हळहळतात. रस्ता मंजूर झाल्याची बातमी येते. पुढच्या जुलैत दुसऱ्या पाड्याचा तसाच फोटो येतो.

तो पाहून बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. दवाखाने आहेत, १०८ ची गाडी आहे, सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होतं, वर पैसेही मिळतात. मग हे अजून का होतं? प्रश्न रास्त आहे. ‘रस्ता नाही’ हे त्याचं अर्धंच उत्तर आहे.

उरलेलं अर्धं मला आमच्या चारीवर कळलं. आमची जमीन कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेला, ऊस पोटभर पाणी पिणार, मधले आपापल्या चाऱ्या (छोटे पाट) भरून घेणार, आणि आम्ही बॅटरी घेऊन रात्रभर बांधावर बसून राहणार. पहाटे गाळाची एक धार यायची, कधी तीही नाही. पेपरात तेव्हा धरण शंभर टक्के भरल्याची बातमी असायची आणि ती खरीच असायची. पाटबंधाऱ्याच्या लोकांना हे दुखणं ठाऊक आहे, म्हणून सिंचनात ‘टेल टू हेड’ अशी पद्धत आहे. आधी शेवटच्या चारीला पाणी द्यायचं आणि मग वर वर सरकत हेडला यायचं. ती मनापासून पाळली, तर टेल भिजतं आणि हेडही सुकत नाही.

आरोग्यसेवा आपण आजवर हेडकडून सोडत आलो आहोत.

धरण भरलंय, म्हणजे नक्की काय?

दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती आया दगावतात, तो माता मृत्युदर. २०१८-२० या काळात भारताचा हा आकडा ९७ होता. केरळचा १९, महाराष्ट्राचा ३३ आणि आसामचा १९५. देश एक, कायदे एक, योजनाही बहुतेक त्याच, पण बाळंतपणात जीव जाण्याचा धोका तेव्हा आसामात केरळच्या दहापट होता. केरळखालोखाल आपला नंबर लागला याचा आनंद जरूर मानावा. त्यामागे हजारो परिचारिकांचे आणि डॉक्टरांचे कष्ट आहेत.

पण ३३ हा धरणाच्या भिंतीवरचा आकडा झाला. त्यात पुण्यातलं कोथरूडही आलं आणि गडचिरोलीतल्या भामरागडचा टोला, म्हणजे छोटी वस्तीही आली. आत डोकावलं की चित्र बदलतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरच्या आदिवासी कुटुंबांत हजारी ५७ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. जी कुटुंबं अनुसूचित जाती, जमाती किंवा मागासवर्गात मोडत नाहीत, त्यांच्यात हाच आकडा ३९ होता.

या फरकाला आरोग्यातली दरी म्हणतात. प्रत्येक फरक म्हणजे दरी नाही. ऐंशीच्या आजोबांना विशीतल्या नातवापेक्षा जास्त औषधं लागणारच. पण एकाच आठवड्यात जन्मलेल्या दोन बाळांपैकी एकाचा धोका केवळ ते पाड्यावर जन्मलं म्हणून जास्त असेल आणि तो टाळता येण्यासारखा असेल, तर ती दरी आहे.

ती फक्त जंगलात असते असंही नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीतून दवाखाना लांब नसतो. पण सरकारी ओपीडी सकाळची असते, आणि केसपेपर काढून रांगेत उभं राहिलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. तिथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून काही कळत नाही. ते बुडालेल्या मजुरीत मोजावं लागतं.

जिथे गरज जास्त, तिथे सेवा कमी

दक्षिण वेल्समध्ये ग्लिनकोरग नावाचं कोळसा खाणकामगारांचं गाव आहे. तिथे ज्युलियन ट्यूडर हार्ट हे डॉक्टर गावकऱ्यांवर उपचार करायचे. त्यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं. ते थोडक्यात असं: चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त हवी असते, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. सेवा जितकी बाजारावर सोडावी, तितका हा नियम घट्ट होतो. जगभर तो ‘उलटा नियम’ म्हणूनच ओळखला जातो.

हार्ट लेख लिहून थांबले नाहीत. रुग्ण दारात येण्याची वाट न पाहता त्यांनी गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायला घेतला. जे येत नव्हते त्यांना शोधून मोजला. पंचवीस वर्षांच्या अशा कामानंतर पाहिलं, तेव्हा पासष्टीच्या आतल्या मृत्यूंचं प्रमाण शेजारच्या तशाच गावापेक्षा कमी होतं. औषधं दोन्ही गावांत मिळत होती. फरक होता तो रुग्ण शोधत जाण्याचा.

उलट्या नियमाला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. काही बायकांच्या पोटावर गरज नसताना टाके पडत आहेत, आणि काही जणी सिझेरियन करणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोचतच नाहीत. हेडला पाणी साचून जमीन खारपड व्हावी आणि टेलला पेरणी करपावी, तसं हे आहे.

दवाखाना आहे, पण चांगला आहे का?

इथे एक समज दूर करायला हवा. आपल्याला वाटतं, लोक दवाखान्यात पोचत नाहीत म्हणून मरतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या १३७ देशांचा अभ्यास करून २०१८ साली काही संशोधकांनी हिशेब मांडला. २०१६ या एका वर्षात चांगल्या उपचारांनी टळले असते असे सुमारे ८६ लाख मृत्यू या देशांत झाले. त्यांपैकी ३६ लाख लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. उरलेले ५० लाख पोचले होते, पण मिळालेले उपचार धड नव्हते.

दर्जा म्हटलं की फरशी, एसी, पांढराशुभ्र कोट डोळ्यांपुढे येतो. खरा दर्जा साधा असतो. योग्य उपचार, वेळेवर, इजा न करता आणि माणसाला माणसासारखं वागवून. बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही तेव्हा ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते औषध थंड ठेवावं लागतं, दोन ते आठ अंशांत. उपकेंद्रात वीज नसेल, फ्रीज बंद असेल आणि मे महिन्यात ॲम्प्युल टेबलाच्या खणात पडून राहिली, तर तिचा जोर ओसरत जातो. लेबल तेच राहतं, रजिस्टरमध्ये ‘इंजेक्शन दिले’ अशी नोंद होते, आणि रक्त मात्र वाहत राहतं. कागदावर सेवा झाली. बाईला ती मिळाली नाही.

तीन उशीर

आई का दगावते हे समजून घेण्यासाठी सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधकांनी १९९४ साली एक सोपी चौकट दिली. पहिला उशीर ‘आता दवाखान्यात न्यायचं’ हे ठरवण्यात होतो. दुसरा तिथवर पोचण्यात. तिसरा पोचल्यावर खरे उपचार सुरू होण्यात.

झोळीचा फोटो फक्त दुसऱ्या उशिराचा असतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे पूल-रस्ते हवेतच. तोवर नववा महिना लागलेल्या बाईने आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं म्हणून आदिवासी भागांत ‘माहेरघर’ची सोय आहे. ती चांगली आहे. पण घरी दोन लहान पोरं आणि शेळ्या टाकून बाईने आठ दिवस येऊन राहावं असं वाटत असेल, तर तिच्या पोरांची आणि सोबतच्या बाईची सोयही त्यात धरावी लागते.

तिसऱ्या उशिराचा फोटो निघत नाही. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, म्हणून ‘पुढे न्या’ असं लिहिलेली चिठ्ठी हातात पडते. एकदा, दोनदा, तीनदा. दर चिठ्ठीला तास-दोन तास जातात.

‘पण लोकच भगताकडे जातात, त्याला कोण काय करणार?’

हा आक्षेप मी फार वेळा ऐकला आहे, आणि त्यात तथ्यच नाही असं म्हणणार नाही. पहिला उशीर खरा आहे. पण लोक भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या वैदू-मांत्रिकाकडे, का जातात तेही पाहू. तो पाड्यावरच असतो. रात्री दोन वाजता उठतो. माडिया, कोरकू किंवा पावरी, जी घरची बोली तीत बोलतो. ‘इतके दिवस काय झोपला होता का?’ असं विचारत नाही. दवाखान्यात एकदा चारचौघांत अपमान झालेली सासू सुनेला पुन्हा तिथे न्यायला उशीर करते, आणि आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो.

लोक अडाणी आहेत असं धरून चाललं की आपल्या हाती फक्त भाषण उरतं. ते हिशेब करून वागतात असं धरलं, तर तो हिशेब बदलण्याचं काम करता येतं.

गडचिरोलीत काय घडलं

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेमार्फत काम सुरू केलं. तिथे मुलं कशाने जातात हे शोधताना न्यूमोनियाचं नाव वर आलं. औषध स्वस्त होतं आणि तोंडाने देता येत होतं. अडचण होती ती ओळखण्याची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले की धोका समजतात. गावातल्या दाईला साठपर्यंत मोजणं अवघड, आणि मिनिटभराचा अंदाज घेणं त्याहून अवघड.

म्हणून एक साधं यंत्र बनवलं गेलं. एक मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि त्याच्या शेजारी तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलात, तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. दहापर्यंत तर कुणालाही मोजता येतं. या कामाचे निकाल १९९० साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत असे उपचार पोचले, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. मला स्वतःला या मण्यांचं फार अप्रूप वाटतं. दाईला डॉक्टरची विद्या शिकवत बसण्यापेक्षा विद्याच दाईच्या हाताच्या मापाची करून घेतली.

मग प्रश्न आला नवजात बाळांचा, म्हणजे जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळांचा. १९९५ च्या सुमारास तिथे हजारातली ६२ बाळं या २८ दिवसांत जात होती. ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या स्थानिक बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. त्या बाळंतपणाला दाईसोबत हजर राहायच्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायच्या, बाळ उबदार ठेवायला शिकवायच्या, वजन करायच्या आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरच्यांच्या संमतीने प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायच्या. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर हजारी २५ च्या आसपास आला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठच्या घरातच राहिला.

‘अर्धवट शिकलेल्या बाईच्या हातात सुई?’

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. बाळाच्या जिवाशी खेळ नको, ही भावना मला समजते. म्हणून आकड्याकडेच पाहू. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सोळा-सतरा दगावत होती. आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर हे प्रमाण तीनच्या खाली आलं. हे नुसत्या प्रशिक्षणाने झालं नाही. ठरलेल्या वेळी कोणीतरी येऊन त्यांचं काम तपासायचं, चुकलं तर पुन्हा शिकवायचं, प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद स्वतंत्रपणे पडताळली जायची. गडचिरोलीच्या गोष्टीतला हा भाग कमी सांगितला जातो, आणि यंत्रणा जेव्हा असे प्रयोग उचलते तेव्हा हाच भाग आधी गळतो.

त्याआधी जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, कित्येकदा निरक्षर आणि दलित, बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं होतं. तिथेही प्रशिक्षण एकदा देऊन सोडलं नव्हतं. त्या बायका पुन्हा पुन्हा एकत्र यायच्या, गावात काय पाहिलं ते सांगायच्या, शिकून परत जायच्या.

‘आता सगळ्या दवाखान्यातच बाळंत होतात, मग घरभेट कशाला?’

महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. ही मोठी कमाई आहे. पण आई दोन-तीन दिवसांत घरी येते. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात, म्हणजे त्यातला बराचसा धोका बाळासोबत घरी येतो. म्हणून गडचिरोलीची पद्धत देशाने २०११ मध्ये स्वीकारली. आशाताईने, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने, बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी अशी सातव्या दिवसाची भेट पाहिली आहे. आशाताई आधी साबणाने हात धुऊन आली. बाळाला हात लावण्याआधी तिने आईला पाजायला सांगितलं आणि नुसती पाहत बसली, कारण नीट ओढतंय की नाही ते पाहिल्यावरच कळतं. मग काखेत थर्मामीटर, मग बाळाचा अंगरखा वर करून घड्याळाकडे बघत श्वासांची मोजणी. शेवटी कापडाच्या झोळीत ठेवून वजन. दोन किलो शंभर ग्रॅम. ताप नव्हता, उलट अंग थंड होतं. सासू बाळाला रोज पहाटे न्हाऊ घालत होती.

“आजी, वजन वाढेपर्यंत न्हाणं बंद. टोपडं काढायचं नाही,” असं पावरीत सांगत तिने बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवलं आणि वरून दोघांना मिळून लुगडं गुंडाळलं. अर्ध्या तासाने पुन्हा थर्मामीटर लावलं. पारा वर आल्याचं तिने आजीला दाखवलं. आजीला आकडा वाचता येत नव्हता, पण बाळाचे पाय गरम झाल्याचं तिने स्वतः हात लावून पाहिलं.

यात एकही महागडं यंत्र नव्हतं. मात्र राष्ट्रीय कार्यक्रमात गडचिरोलीचा एक भाग गळला. इंजेक्शन आशाताईच्या हातात दिलं गेलं नाही. तिने धोका ओळखायचा आणि बाळ पुढे पाठवायचं. म्हणजे दुसरा आणि तिसरा उशीर पुन्हा वाटेत आला. तो कमी करायचा, तर ती ज्या दवाखान्यात पाठवते तिथे नवजात बाळावर उपचार करणारं माणूस चोवीस तास हवं.

‘एवढ्याला पैसा कुठून आणायचा?’

गडचिरोलीच्या प्रयोगात एका बाळामागे खर्च आला सुमारे सव्वापाच डॉलर. काचेच्या पेटीतल्या उपचारांपुढे तो किरकोळ आहे. काचेच्या पेट्याही हव्यात, पण बाळ थंड पडू न देणं त्याआधी येतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचं आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचं म्हटलं. दिशा बरोबर आहे.

पण मला जास्त खुपतो तो दुसराच हिशेब. २०११ मध्ये घरभेटींची ही योजना आली तेव्हा आशाताईला एका बाळाच्या सगळ्या घरभेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरले. सहा भेटी धरल्या तर एका भेटीचे ४२ रुपये. ओढा ओलांडून, डोंगर चढून, कधी दोनदा जाऊन. तिला कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. जिच्या खांद्यावर टेलची सगळी चारी उभी आहे, तिलाच आपण कामागणिक पैसे मोजून देतो.

मोजणार कोण?

टेलचा शेतकरी चारीवर स्वतः जाऊन बसला, तरच पाणी का अडलं ते कळतं. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. गावातल्या लोकांनीच दवाखान्याची तपासणी करायची. औषधं होती का, सिस्टर भेटतात का, कोणी पैसे मागितले का, वागणूक कशी होती. उत्तरांप्रमाणे प्रगतिपत्रकात हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचं. ज्या बाईला अक्षर येत नाही, तिलाही लाल रंग कळतो. आपल्या सहीऐवजी अंगठा उठवून ‘आमच्या उपकेंद्राला लाल’ असं भर सभेत सांगता येतं.

याला ‘कर्मचाऱ्यांवर पाळत’ म्हणून विरोध झाला. माझ्या मते त्यातून कर्मचाऱ्यांचंही भलंच होतं. फ्रीज बंद आहे हे सिस्टरने दहा वेळा लिहून कळवलेलं असतं. गावाने तेच जनसुनवाईत मांडलं की तिच्या पत्राला वजन येतं.

तुमच्या गावातही ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असणार. तिची पुढची बैठक कधी आहे ते आशाताईला विचारा. बैठकीत तिचं रजिस्टर मागवा, आणि गावाचा एकच आकडा ऐकून उठू नका. गेल्या वर्षी किती बाळं जन्मली, अडीच किलोपेक्षा कमी वजनाची किती, किती दगावली आणि ती कुठल्या पाड्यावरची, कुठल्या आळीतली. वाचायला सुरुवात गावठाणापासून नको, सगळ्यांत लांबच्या वस्तीपासून करा.